अरिंदची माय

सुजा,

परवा विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाला सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलले. तू शांत होतीस म्हणे. मितभाषी होतीस म्हणे. तुझ्या शाळेतले एक गुरुजी तर म्हणाले, ‘मॅडमनी आयुष्यात कुणाशी वाद घातला नाही.’ मी पुढच्या सतरंजीवर बसून ऐकत होते आणि तुझ्या फोटोकडं बघत होते. फोटोतसुद्धा तू हसू दाबून बसलेली दिसत होतीस. जिनं कळमनुरीच्या बसस्टँडवर भर बाजाराच्या दिवशी पुस्तक डोक्यावर धरून माझ्या नावानं बोंब ठोकली, ती बाई म्हणे शांत.

म्हणून हे लिहायला बसले. तुझी नोकरी, तुझ्या बदल्या, तुझं आजारपण, सगळं लोकांनी सांगून झालंय. मला आपलं भांडण सांगायचं आहे, कॉलेजात सुरू झालेलं आणि तुझ्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चाललेलं. या खेपेला तू मधे तोंड घालणार नाहीस, आणि हे मला मुळीच आवडलेलं नाही.

भांडण पुस्तकापासून सुरू झालं असं तू सगळ्यांना सांगायचीस. खरं तर ते तुझ्या आईपासून सुरू झालं. आपण अकरावीला, हिंगोलीच्या मुलींच्या वसतिगृहात. दिवाळीची सुट्टी लागली होती आणि दारात एक बाई येऊन उभी राहिली. कनेरगाव नाक्याहून सकाळच्या एसटीनं आलेली, हातात भाकरीचं गाठोडं. तू वरच्या मजल्यावरून ओरडलीस, ‘वैनी आली! माझी वैनी आली!’ मी तेव्हा तुला नीट ओळखतही नव्हते. खाली रेक्टर मॅडम बसलेल्या, आणि त्यांचा नियम असा की मुलीला घरी न्यायला आई नाहीतर वडीलच पाहिजेत.

‘वहिनीबरोबर सोडता येणार नाही,’ त्या म्हणाल्या.

‘वैनी म्हंजे माझी मायच हाय मॅडम.’

‘आत्ता वहिनी म्हणालीस, आता आई म्हणतेस. घरी जायचं म्हणून काहीही सांगायचं का?’

तू समजावून सांगायला लागलीस. घरात धाकटे काका, ते तुझ्या आईला वैनी म्हणायचे, म्हणून कळायला लागल्यापासून तूही वैनीच म्हणत आलीस. आपल्याकडं घरोघरी हेच आहे. कुणी आईला अक्का म्हणतं, कुणी बापाला भाऊ म्हणतं. माझा एक चुलतभाऊ तर स्वतःच्या बापाला आजही सरपंच म्हणतो. पण मॅडम मोठ्या शहरात, चौकोनी कुटुंबात वाढलेल्या. त्यांना हे काही केल्या पटेना. शेवटी तुझी आई पुढं झाली. तिनं तुझी हनुवटी धरली, तुझं तोंड आपल्या तोंडाशेजारी आणलं आणि म्हणाली, ‘बाई, कागद ऱ्हाऊ द्या. नाक बघा नाक.’

मॅडमनी नाक बघितलं. तेच बसकं, टोकाला जरा वर गेलेलं नाक दोन्ही तोंडांवर. त्यांनी मुकाट्यानं सही केली. मी जिन्यात उभी राहून इतकी हसले की तू जाता जाता माझ्यावर डोळे वटारलेस. सुट्टी संपवून आलीस ती वैनीच्या हातचा ठेचा घेऊन, आणि तो पहिल्यांदा माझ्याच ताटात वाढलास. माझी जीभ भाजली, तुझं समाधान झालं आणि आपली मैत्री झाली.

मैत्रीपाठोपाठ ‘निळवेशीची गादी’ आली. ती ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण हे तुझ्याशिवायही कुणीतरी वाचेल. निळवेस नावाचं एक नसलेलं राज्य. तिथं बोलणाऱ्या विहिरी, ढगांवरून जाणारे घोडे आणि एक रिकामी गादी. राजा मेलेला. राणी इंद्रजेचं बाळ पुराच्या रात्री जन्मलेलं आणि त्याच रात्री नाहीसं झालेलं. त्या रात्री राज्यात जन्मलेलं प्रत्येक मूल शोधून मारायचं, असा कपटी प्रधानाचा हुकूम. आणि राजवाड्याच्या मुदपाकखान्यात, स्वयंपाक्यांच्या हाताखाली वाढलेला एक पोरगा, अरिंद. हा अरिंद कुणाचा, हे लेखक काही सांगत नव्हता. दिवाळीच्या आगेमागे एक भाग यायचा, कधी दोन-दोन वर्षं यायचाच नाही, आणि तेवढ्या वेळात आपण वसतिगृहातल्या मुली अरिंदचे आईबाप शोधत बसायचो. एकीनं त्याला बोलणाऱ्या विहिरीचा मुलगा ठरवलं होतं. परीक्षा जवळ आली तरी ती त्यावरून मागं हटली नाही.

माझं म्हणणं सरळ होतं. अरिंद राणीचा. त्याच्या करदोड्यात निळा मणी होता आणि राणीच्या हारातला एक निळा मणी गायब होता. आणखी काय पुरावा पाहिजे? बहुतेक मुली माझ्या बाजूनं होत्या. तू एकटी हो म्हणत नव्हतीस आणि नाहीही म्हणत नव्हतीस.

मग तिसरा भाग आला. त्यात अरिंद तापानं फणफणतो आणि ग्लानीत म्हणतो, ‘वहिनी, पाणी.’ चुलीपुढं भाकरी थापणारी सोनकी तशीच पिठाच्या हातानं पाणी घेऊन धावते. कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. सोनकीचे दीर तिथंच स्वयंपाकी होते, अनाथ अरिंद त्यांच्यात वाढला होता, मग तो तिला वहिनी म्हणणारच. मी मोठ्यानं वाचत होते. तू माझ्या हातातलं पुस्तक मिटवलंस.

‘ही त्याची माय हाय.’

‘कोण?’

‘सोनकी.’

‘अगं, वहिनी म्हणाला तो तिला.’

‘म्हून तर म्हणून राहिले. तापात लेकरू मायलाच हाक मारते. दुसऱ्या कुणाला काहून मारंल?’

‘आणि मणी?’

‘मणी काय, कुणीबी कुणालाबी देते.’

मी हसले. सगळ्या हसल्या. पण संध्याकाळी टाकीजवळ धुणं पिळताना तू जे बोललीस, ते मला जसंच्या तसं आठवतं. ‘शोभे, गरिबाचं हुशार पोरगं गोष्टीच्या शेवटी राजाचंच काहून निघते गं दर वेळी? सैपाकिणीच्या पोटी हुशार लेकरू व्हतच न्हाई का?’

‘रक्त बोलतं बाई,’ मी म्हणाले. आमच्या घरात हे वाक्य मिठासारखं वापरलं जायचं. आमचे आजोबा दारात आलेल्या माणसाला पाणी विचारायच्या आधी ‘कुणाचा तू?’ असं विचारायचे, आणि उत्तरावरून पाणी कुठल्या भांड्यात द्यायचं ते ठरायचं.

‘रक्त न्हाई बोलत,’ तू म्हणालीस. ‘माणूस बोलते.’

तुझ्या घरी काय शिकवलं होतं आणि ते किती मोलानं मिळालं होतं, हे मला ठाऊक होतं. पण आपल्या मैत्रीत ते कधी भाषण होऊन आलं नाही. ते अरिंद होऊन आलं. तुला तो पोरगा राणीचा निघायला नको होता. सोनकीचाच राहून त्यानं गादीवर बसावं, एवढीच तुझी लेखकाकडं मागणी होती. तेवढ्यासाठी तू पुढची वर्षं वाट बघत राहिलीस, आणि मी तुझ्या विरोधात राहिले, कारण कुणीतरी विरोधात असल्याशिवाय तुला चेव येत नसे.

पुढं लग्नं झाली. मी कळमनुरीला आले आणि बसस्टँडसमोर वह्या-पुस्तकांचं दुकान घातलं. तू काही दिवस माहेरीच राहिलीस, तुझी प्रज्ञा तिथंच जन्मली, आणि मग शिरड शहापूरला शाळेत लागलीस. नवा भाग नांदेडहून आधी माझ्याकडं यायचा. तुझी प्रत मी एसटीच्या कंडक्टरकडं द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी दुकानातला फोन वाजायचा. तू हॅलो म्हणायची नाहीस. एकदम ‘सोनकीचं बोलणं नीट वाच’ असं सुरू व्हायचीस. मागून प्रज्ञाचा आवाज यायचा, ‘ताई, भूक लागली.’ तुझे धाकटे भाऊ तुला ताई म्हणायचे, पोरीनंही तेच उचललं. मी म्हणायचे, ‘सुधार तिला, नाहीतर पुढं हिलाही रेक्टर मॅडम भेटतील.’ तू म्हणायचीस, ‘काहून सुधारू? मला बराबर ओळखू येते.’

हिंगोली परभणीतून वेगळी होऊन जिल्हा झाली, तेव्हा मी कौतुकानं तुला फोन केला, तर तू म्हणालीस, ‘बघ, गावाचा जिल्हाबी बदलते. तुझं रक्त काय म्हंते आता?’ गिऱ्हाईक आलंय असं सांगून मी फोन ठेवला.

मग तो वाचक मेळावा. शेवटचा भाग यायचा होता आणि हिंगोलीतल्या एका वाचनालयानं ‘अरिंद कुणाचा?’ असा परिसंवादच ठेवला. बाहेरगावचे एक प्राध्यापक अध्यक्ष होते. मी माझा निळा मणी मांडला, टाळ्या घेतल्या आणि मागं जाऊन बसले. मग तू उठलीस. प्रज्ञाचं बोट धरून पुढं गेलीस आणि सांगितलंस की सोनकी ही अरिंदची आई आहे, कारण तो तिला वहिनी म्हणतो. सभागृह हसलं. प्राध्यापकही हसले, आणि लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले, ‘बाई, वहिनी म्हणजे भावाची बायको. शब्दकोश काढून बघा.’

‘शब्दकोशात माझी माय न्हाई सर,’ तू म्हणालीस. ‘पण ती हाय.’

तू पुढं सांगितलंस, त्या राजवाड्यात पोरानं आई म्हटलं असतं, तर तू बाळंत कधी झालीस असं कुणीतरी सोनकीला विचारलं असतं. पुराच्या रात्री, असं उत्तर आलं असतं, आणि पोर गेलं असतं. दीर म्हणत होते तेच पोर म्हणायला लागलं, तिनं त्याला अडवलं नाही, म्हणून ते जगलं. तू बोलून खाली बसलीस तेव्हा टाळ्या दोघातिघांनीच वाजवल्या. त्यात मी होते, सुजा. मी मागं होते म्हणून तुला दिसले नाही, आणि विरोधी पक्षाची म्हणून मी नंतरही सांगितलं नाही. आता सांगते. हात लाल होईपर्यंत वाजवल्या होत्या.

शेवटचा भाग आला तो बाजाराच्या आदल्या दिवशी. तुझी प्रत रवाना करून मी माझी उघडली, पण बाजाराच्या दिवशी दुकानात वाचन कसलं? एकाला पट्टी पाहिजे, एकाला शाईचा पेन. अरिंद गादीच्या पायऱ्यांपर्यंत पोचला होता आणि मी वह्या मोजत होते. तेवढ्यात समोर एसटी लागली आणि गाडी पुरती थांबायच्या आत तू खाली उतरलीस. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होतीस. पुस्तक डोक्यावर, पदर कमरेला.

‘शोभेऽऽ! वैनीच हाय! वैनीच!’

‘सांगू नको, मी तिथवर आले न्हाई अजून,’ मी दोन्ही कान झाकून ओरडले.

तू माझे हात कानावरून ओढून काढलेस आणि गिऱ्हाइकांच्या देखत पान वाचून दाखवलंस. सोनकी भर दरबारात उभी राहते आणि सांगते की हा माझा मुलगा. घर ज्या नावानं मला हाक मारायचं त्याच नावानं यानं मारली आणि त्या नावाआड मी याला लपवलं. निळा मणी राणीनंच तिला बाळंतपणात दिलेला, दृष्ट लागू नये म्हणून. माझा इतक्या वर्षांचा पुरावा एका ओळीत गेला. आणि राणीचं स्वतःचं बाळ पुरात गेलेलंच होतं. ते ऐकून राणी आपल्या आसनावरून उठते आणि स्वयंपाकिणीच्या पोराला हाताला धरून रिकाम्या गादीवर बसवते.

वाचता वाचता तुझा आवाज फुटला. माझेही डोळे भरले, ते मी वह्यांची धूळ झटकण्यात लपवले. मग तू बाजारात गेलीस आणि जिलेबी घेऊन आलीस. आधी माझ्या तोंडात कोंबलीस आणि मग बसस्टँडवर दिसेल त्याच्या हातावर ठेवत सुटलीस. फेटेवाले एक म्हातारबाबा पिशवी सांभाळत बाकावर बसले होते.

‘काय झालं बाई?’ त्यांनी विचारलं.

‘पोरगं गादीवर बसलं बाबा.’

‘कुणाचं?’

‘सैपाकिणीचं.’

म्हाताऱ्यानं जिलेबी तोंडात टाकली, जरा विचार केला आणि म्हणाला, ‘बरं झालं. लई बरं झालं.’ कुठलं पोरगं, कुठली गादी, त्यानं काही विचारलं नाही. त्या दिवशी कळमनुरीत तुझ्याइतकं जिंकलेलं दुसरं कुणी नव्हतं.

मी मात्र इतक्या सहज हरणारी नव्हते. जिलेबी गिळली आणि म्हणाले, ‘आई ठीक. पण बाप? बाप लेखकानं सांगितलेला न्हाई. बाप सेनापती काळभान. नाहीतर त्या पोराच्या हातात तलवार इतकी कशी चालली असती?’

‘बाप सैपाकी. सोनकीचा नवरा. भाकरी थापणाऱ्याच्या मनगटात ताकद कमी असते व्हय?’

झालं, नवं भांडण सुरू. मालिका संपली तरी आपलं संपलं नाही, उलट आता लेखकाची भीतीही उरली नव्हती. सेनापती की स्वयंपाकी, यावर आपण लग्नांत भांडलो, बारशांत भांडलो. तुझ्या नवऱ्यानं एकदा हात जोडून विचारलं, ‘तुमाला जेवायचं हाय का न्हाई?’

या भांडणानं मला काय दिलं, ते तुला कधी सांगितलं नाही. तू ऐकून घेतलं नसतंस, ‘भाषण काहून करून राहिली’ म्हणाली असतीस. दुकानात नवं लेकरू आलं की माझ्याही तोंडात पहिलं तेच यायचं, ‘कुणाचा रे तू?’ आजोबांचा प्रश्न, माझ्या आवाजात. तुझ्या जिलेबीनंतर तो घशात अडकायला लागला. आता मी विचारते, ‘काय वाचतोस?’ पोरं लाजतात, मग सांगतात, आणि मग उठायचं नाव घेत नाहीत. माझं दुकान त्यामुळं जरा तोट्यात आहे. पण पूर्वीपेक्षा खूप चांगलं आहे.

नांदेडच्या दवाखान्यात मी शेवटची आले तेव्हा तू उशीला टेकून बसली होतीस. हात काडीसारखे झालेले. मी संत्रं सोलत होते. तू म्हणालीस, ‘शोभे, लई तकलीफ होऊन राहिली. एक काम कर. बाप सैपाकी, एवढं म्हण एकदा.’

‘म्हणणार न्हाई. सेनापती.’

‘मरणाऱ्या माणसाचंबी ऐकत न्हाई तू.’

‘न्हाई ऐकत.’

तू हसलीस. हसताना खोकला आला, तरी हसत राहिलीस. तुला वाटलं असेल, शोभा नेहमीसारखी आडमुठी. सुजा, मी मुद्दाम म्हटलं नाही. भांडण बाकी असलं की माणूस थांबतं, असं मला वाटत होतं. हो म्हटलं असतं तर तुला थांबायला काही कारणच उरलं नसतं. मी तुझा हात धरून मनातल्या मनात म्हणत होते, भांड माझ्याशी, अजून भांड. तू संत्र्याची एक फोड खाल्लीस आणि झोपलीस.

आता परवाचं सांगते, कारण तिथं तू नव्हतीस. म्हणजे फोटोत होतीस.

सगळ्यांची भाषणं झाली. प्रज्ञा बोलायला उभी राहिली, पांढऱ्या कपड्यांत, दहावीतली पोरगी पण उंचीनं माझ्या वर गेलेली. सूत्रसंचालन करणारा मुलगा हिंगोलीचा, तुमच्या घरचा नव्हे. पोरीनं त्याला जाऊन एवढंच सांगितलं असणार की मला ताईबद्दल बोलायचंय. त्यानं माईकवर जाहीर केलं, ‘आता दिवंगत सुजाताताईंच्या धाकट्या भगिनी मनोगत व्यक्त करतील.’

प्रज्ञा माईकपाशी गेली आणि म्हणाली, ‘मी ताईची...’ पुढचा शब्द तिला फुटेना. लोक चुकचुकले. मागून कुणी बाई शेजारणीला म्हणाली, ‘बहिणीचा लई जीव व्हता वाटते.’ तुझ्या नवऱ्याची मान खाली होती. ती पोर तुझी कुणी नसल्यासारखी तिथं उभी होती आणि मला ते सहन झालं नाही. मी उठले. माईक जवळजवळ हिसकावून घेतला.

‘बहीण न्हाई,’ मी म्हणाले. ‘सुजाची लेक हाय ती. ताई म्हणते म्हणून काय झालं? आमच्याकडं लेकरं मायला वैनी म्हणतात, अक्का म्हणतात, ताई म्हणतात. शब्दकोशात नसंल. पण हाय.’

तो मुलगा बिचारा गोंधळला. एकदा तुझ्या फोटोकडं, एकदा पोरीकडं बघायला लागला. तेव्हा मी प्रज्ञाची हनुवटी धरली आणि तिचं तोंड तुझ्या फोटोशेजारी नेलं.

‘कागद ऱ्हाऊ द्या,’ मी म्हणाले. ‘नाक बघा नाक.’

सगळा विहार नाक बघायला लागला. आणि भिंतीला टेकून बसलेली वैनी, जी तुला नेल्यापासून कुणाशी एक शब्द बोलली नव्हती, ती हसली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी वाहत असताना, खदखदा हसली. मग प्रज्ञा हसली. मग ती बोलली, सुजा, आणि काय बोलली! तुझ्यासारखीच, समोरच्याला मधे तोंड घालू न देता.

सगळे पांगल्यावर प्रज्ञा आणि मी सतरंज्या गुंडाळत होतो. ती म्हणाली, ‘मावशी, तुमी ताईचंच भाषण केलं. मेळाव्यातलं.’

तोवर माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

‘मग आता बाप कोण ते बी सांगा,’ ती म्हणाली.

मी सतरंजी खाली ठेवली. आता कुणाला थांबवायचं नव्हतं.

‘सैपाकी,’ मी म्हणाले. ‘सोनकीचा नवरा. भाकरी थापणारा.’

‘खरंच? मग सेनापती?’

‘सेनापती गेला उडत. जा, सांग तुझ्या मायला.’

ती तुझ्या फोटोपुढं जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आज तरी आई म्हणेल. नाही म्हणाली.

‘ताई,’ ती म्हणाली, ‘मावशी हरली.’